कार्यक्रमाची कॅसेट

आमच्या घरी कॉम्प्युटर आला तो गाठोड्यात बांधून आला. माजरीच्या कोळसा खाणीतले एक इंजिनिअरसाहेब बदली होऊन चालले होते. बाबांनी त्यांचं सामान ट्रकमध्ये चढवायला हात लावला, आणि निघताना साहेबांच्या बाईंनी जुन्या चादरीचं एक गाठोडं बाबांच्या हातात ठेवलं. त्यांच्या मुलाचा त्याच्यावरचा जीव उडाला होता. "तुमची मुलगी सायन्सला आहे ना, तिला द्या," म्हणाल्या. बाबांनी ते सायकलच्या कॅरिअरला बांधून घरी आणलं. मायला वाटलं, जुने कपडे असतील. तिनं सरळ भिजवायला बादली काढली.

ही ऐंशी सालानंतरची गोष्ट. कॉलनीत टीव्ही नुकते कुठे दिसू लागले होते. मी वरोऱ्याला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि कॉम्प्युटर हा शब्द मी फक्त वाचला होता. गाठोडं सोडलं तर आतून निघालं काय? काळा, चपटा, पाटीएवढा एक डबा. त्याच्यावर रबराची बटणं. विजेच्या तारेला लटकलेला एक जड ठोकळा, दोनतीन वायरी, चार कॅसेटी आणि इंग्रजी पुस्तक.

मायनं सगळं उलटंसुलटं करून पाहिलं. "आन् बाकीचा कुठी हाय?"

प्रश्न बरोबर होता. बाकीचा आमच्याच घरात होता. पडदा म्हणजे आमचा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही, आणि स्मरणशक्ती म्हणजे मायचा टेपरेकॉर्डर. फुकटात पाहुणा यावा, आणि त्यानं म्हणावं खाट तुमची द्या, जेवण तुमचं वाढा, तशातली गत. ताटसुद्धा द्यावं लागलं. तो विजेचा ठोकळा इतका तापायचा की मी त्याच्याखाली जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, ताट उपडं घालायची, म्हणजे उष्णता पसरून जाईल. मायनं दोन दिवस ते ताट घरभर शोधलं.

टीव्हीचं भांडण लवकर मिटलं, कारण आमच्या टीव्हीत तसंही चित्रापेक्षा मुंग्या जास्त दिसायच्या. टेपरेकॉर्डरचं मिटेना. तो मायचा होता. कॉलनीतल्या विहाराच्या महिला मंडळात माय पुढची गाणारी. आवाज असा की चुलीपुढे गुणगुणली तरी शेजारच्या क्वार्टरमधून कोणीतरी दुसरी ओळ उचलायचं. पण जयंतीच्या कार्यक्रमात माईक नेहमी पुरुषांच्या गायन पार्टीच्या हातात, बायकांनी मागे बसून टाळ्या वाजवायच्या. म्हणून मायनं टेप घेतला होता. गाणी भरून ठेवायची, ऐकायची, चुकलं की पुसून पुन्हा भरायची. त्याच्यावर तिनं हातानं विणलेलं झाकण होतं. देवळात जाणाऱ्यांनी देव जपावा तसा ती तो टेप जपायची.

आणि मला तोच पाहिजे होता. कारण त्या काळ्या डब्याची खोड अशी की तो चालू असेपर्यंत शहाणा, लाईट गेली की ठार अडाणी. त्याच्या आत काही साठवून ठेवायची जागाच नाही. मी चार तास बसून काही लिहावं, आणि आमच्याकडची लाईट काय, तिला मन मानेल तेव्हा जाणार. परत आली की पडदा कोरा. लिहिलेलं टिकवायचं तर ते आवाजात बदलून कॅसेटवर भरायचं आणि पुन्हा लागलं की कॅसेट वाजवून त्याला ऐकवायचं. आवाज कसा? आधी एकसुरी लांब शिट्टी, मग पत्र्यावर रेती ओतल्यासारखी खरखर, पुन्हा शिट्टी, पुन्हा खरखर. आपल्या कानाला ती कटकट, त्याला ते वाचन.

मायनं ते पहिल्यांदा ऐकलं आणि टेपवर झाकण टाकून म्हणाली, "माह्या टेपाच्या पोटात दुखून राह्यलं. बंद कर."

खरं भांडण पुढेच झालं. साहेबांच्या कॅसेटी आमच्या टेपवर चालेनात. पुस्तकात वाचून कळलं, की कॅसेटची फीत ज्याच्यावरून घासत जाते ते हेड प्रत्येक टेपात केसभर वेगळं कललेलं असतं, आणि त्याच्या बाजूचा बारीक स्क्रू फिरवून ते जुळवायचं असतं. मी फिरवला. साहेबांची कॅसेट चालली, पडद्यावर खेळातला ठिपक्यांचा साप वळवळायला लागला, आणि मी आनंदानं अंगणात उडी मारली. संध्याकाळी मायनं तिची गाणी लावली. दोन ओळी ऐकल्या आणि बंद केली.

"काऊन वो, माह्या तोंडात कापूस कोंबला काय तू?"

आवाज खरंच घोगरा येत होता. मी म्हटलं, तुला वाटतंय तसं, काही फरक नाही. शुद्ध थाप. मला राग लवकर येतो, तेव्हाही यायचा, आणि चूक आपली असली की जास्तच. माय चिडली, मी चिडले, बाबा बिडी ओढायला बाहेर गेले. शेवटी स्क्रूच्या भोवती नेलपॉलिशचे दोन ठिपके दिले. डावा मायचा, उजवा साहेबांच्या कॅसेटींचा. माझं काम झालं की स्क्रू डाव्या ठिपक्यावर आणायचा, नाहीतर जेवायला मिळणार नाही असं ठरलं. पुढे मीच लिहिलेलं मी मायच्या ठिपक्यावरच भरू लागले. आपणच भरलेलं त्याच टेपवर वाचायचं तर स्क्रू हलवायचं कामच नाही, ही अक्कल उशिरा आली.

तरी मायनं खबरदारी म्हणून आपल्या सगळ्या कॅसेटींचे पाठीमागचे बारके दात सांडशीनं मोडून टाकले. ते दात पाडले की त्या कॅसेटवर दुसरं काही भरता येत नाही. "आता पाह्यतो कोन पुसते माही गानी," म्हणाली.

एवढी कटकट मी का सोसत होते, तर मला नागपूरला जायचं होतं. तिथे कॉम्प्युटरचा वर्षभराचा कोर्स सुरू झाला होता, जूनपासून. मैत्रिणीच्या भावाकडून ऐकलं आणि माझी झोप उडाली. बाबांना विचारलं, तर बाबा म्हणाले, "मायले इचार." आमच्या घरात याचा अर्थ सगळ्यांना माहीत होता. बाबांची हरकत नाही, पण चालतं मायचं.

मायचं म्हणणं, बी.एड. कर, गोंडपिपरीला मामाच्या गावाजवळ शाळा आहे, मास्तरीण हो, दिवेलागणीला घरी ये. मी हट्ट धरला तेव्हा ती पाट्यावर मिरची वाटत होती. वरवंटा न थांबवता म्हणाली, "जे यंत्र लाईट गेली की सारं इसरून जाते, त्याच्या भरवशावर पोरीले नागपूरले धाडू? आधी त्यानं कालची गोष्ट आज सांगून दाखवावं. मंग पाहू."

मिरचीमुळे डोळ्यांतून पाणी आलं असं मी सगळ्यांना सांगितलं. पण मनाशी पक्कं केलं, की दाखवते. आणि ठिपक्यांचा साप नाही, मायच्या कामाचं काहीतरी दाखवते.

मायच्या कामाचं काय असेल, ह्याचा मला फार शोध घ्यावा लागला नाही. बाबा खाणीत खाली पंप चालवायचे. खाणीत पाणी झिरपत राहतं, ते दिवसरात्र उपसावं लागतं. सण असो, जयंती असो, पंपाला सुट्टी नाही. त्यांची पाळी दर आठवड्याला बदलायची. पहिली, दुसरी, रातपाळी, मध्ये एक रेस्ट, म्हणजे आठवड्याचा आरामाचा दिवस. चिमूरची मावशी महिनाभर आधी लग्नाचं सांगायला आली की पहिला प्रश्न, "भाऊजी कोन्त्या पाळीत राहतीन तवा?" मग माय बोटं मोजायला बसायची, बाबा भिंतीकडे पाहून मोजायचे, आणि दोघांची उत्तरं जन्मात जुळायची नाहीत. मी प्रोग्रॅम लिहिला की तारीख टाकली की बाबांची पाळी कोणती आणि ते घरी किती वाजता येणार, हे पडद्यावर यावं. अक्षरं इंग्रजी, भाषा आमची. लिहायला पंधरवडा गेला. त्यात लाईट इतक्यांदा गेली की मी एकदा त्या डब्यालाच दोन शिव्या घातल्या. माय म्हणाली, "त्याले कायले बोलतं, त्याच्या ध्यानात थोडीच राह्यते."

शेवटी जमलं. जयंतीच्या आदल्या दिवशी मी तो कोऱ्या कॅसेटवर भरला, आणि दगाफटका नको म्हणून एकामागे एक पुष्कळदा भरला, बाजू भरेपर्यंत. मग कॅसेटवर चिठ्ठी चिकटवून सुवाच्य अक्षरात नाव घातलं. मी नुकतंच एका मराठी मासिकात वाचलं होतं की प्रोग्रॅमला मराठीत कार्यक्रम म्हणावं. मला ते फार भारदस्त वाटलं. म्हणून लिहिलं, "कार्यक्रम".

आता त्याच वर्षी काय झालं होतं, की विहाराच्या कमिटीनं बायकांचं थोडं ऐकलं. मंचावर नाही, पण सकाळी कार्यक्रमाला माणसं जमेपर्यंत मायची गाणी भोंग्यावर वाजवायची असं ठरलं. मायचा आवाज साऱ्या कॉलनीला ऐकू जाणार होता. ती आठ दिवस साखरेऐवजी मिठाचा डबा उघडत होती, इतकी आनंदात. बाबांची त्या दिवशी पहिली पाळी. ते पहाटेच निघून गेले. मी पांढरी साडी नेसून विहाराजवळ निळ्या पताका बांधायला गेले. माय घरी खिरीपाशी. भोंगेवाला कॅसेट न्यायला दारात आला तेव्हा तिनं टेपजवळ पाहिलं. तिची कॅसेट तिथेच होती, तिच्यावर मी कधीतरी "मायची गाणी" लिहिलेलं. आणि तिच्याशेजारी नवी कोरी, सुंदर अक्षरातली "कार्यक्रम". माय चौथी शिकलेली. तिला वाटलं, पोरीनं आजच्या कार्यक्रमासाठी खास नवी भरून ठेवली. तिला म्हणे फार बरं वाटलं. तिनं तीच दिली.

इथे एक सांगितलं पाहिजे. आमच्याकडे भोंगा दोन गोष्टींना म्हणतात. लाउडस्पीकरचा तो कर्णा, तो भोंगा. आणि खाणीचा सायरन, तोही भोंगाच. खाणीचा भोंगा पाळी बदलताना थोडका वाजून थांबतो. न थांबता वाजत राहिला तर खाली काहीतरी झालं. हे कॉलनीतल्या लहान लेकरालाही शिकवावं लागत नाही.

भोंगेवाल्यानं दोन्ही कर्णे पाण्याच्या टाकीवर चढवले, मशीन चालू केली आणि कॅसेट लावली. माझी शिट्टी सुरू झाली. लांब, एकसुरी. त्याला वाटलं गाण्याआधीचा सूर लागतो आहे, म्हणून त्यानं आवाज वाढवला. मी शिडीवर होते. मला पहिल्या क्षणाला कळलं की हा आपला आवाज आहे, आणि दुसऱ्या क्षणाला दिसलं की समोरची म्हातारी हातातली फुलं टाकून खाणीच्या दिशेनं पळते आहे. कोणीतरी म्हणालं, "भोंगा वाजला." झालं. एक पळाला की सारे पळाले. नव्या पांढऱ्या साड्या, इस्त्रीचे शर्ट, एका पायात चप्पल, सगळी कॉलनी रस्त्यावर. मध्ये खरखर झाली, ती कोणाला ऐकू येणार? तेवढ्यात पुढची शिट्टी. मी पुष्कळदा भरला होता ना. मी ओरडत होते, "तो खाणीचा नाही, माझा आहे," पण पळणाऱ्या बाईला असलं वाक्य काय समजणार.

भोंगेवाल्याला मशीन बंद करायला लावेपर्यंत विहारापाशी आम्ही दोघंच उरलो होतो. मग मीही पळाले.

खाणीच्या फाटकाशी जाऊन पाहते तर सर्वांत पुढे माय. हातात खिरीची पळी तशीच. सणाचा दिवस, खाली मोजकीच माणसं, आणि त्यांतला एक आमचा. ती हजेरीबाबूचा हात धरून एकच विचारत होती, "पहिल्या पाळीचे वर आले काय? ते किती वाजता येतीन? सांग ना भाऊ, किती वाजता येतीन?" हजेरीबाबू घाबरून गेला होता. तो म्हणत होता, अहो बाई, आम्ही भोंगा वाजवलाच नाही. पण मायला ते पटेना. ती म्हणाली, "मले त्यायचा आवाज ऐकाले दे." शेवटी त्यानं खालच्या पंपाशी टेलिफोन जोडला आणि रिसीव्हर तिच्या कानाला लावला. सगळे कान देऊन पुढे सरकले. आतून बाबांचा आवाज आम्हाला बाहेर ऐकू आला, "काय झालं? पंप चालू हाय. खीर आनली काय?"

मायनं रिसीव्हर परत दिला आणि तिथेच धुळीत बसली. हळूहळू लोक हसायला लागले, मग जोरजोरात हसायला लागले. कोणीतरी म्हणालं, "मंग वाजवलं कोनं?" मी म्हटलं, "आमच्या कॉम्प्युटरनं." हसणं आणखी वाढलं. माय मात्र हसली नाही. माझ्याकडे पाहत राहिली. मला वाटलं, गेलं नागपूर. गोंडपिपरीची शाळा मला तिथूनच दिसायला लागली.

परतल्यावर खरी कॅसेट लावली. मायचा आवाज टाकीवरून खाली आला, स्वच्छ, डाव्या ठिपक्याचा. सकाळी सगळ्यांचा जीव टांगणीला लागून गेलेला, म्हणून की काय, लोक असे ऐकत होते की गायन पार्टीच्या म्होरक्यानं येऊन मायला सांगितलं, पुढच्या वर्षी माईकवर या. मायनं हो म्हणून मान हलवली. मी लांबूनच ऐकलं. जवळ जायची माझी हिंमत नव्हती.

चारनंतर बाबा घरी आले. अंघोळ झाली, खीर झाली. फाटकाची गोष्ट त्यांनी रस्त्यावर चार जणांकडून चार तऱ्हांनी ऐकली होती, आणि ते मायला चिडवत होते, की माझ्यासाठी पळी घेऊन पळाली, ताट कुठी व्हतं? माय टीव्हीपाशी येऊन बसली.

"काय व्हतं त्या कॅसेटीत?" तिनं मला विचारलं.

मी म्हटलं, "तारीख टाकली की बाबांची पाळी सांगते. आणि ते घरी कधी येतील, ते."

"लाव."

मी कॅसेट लावली. शिट्टी आली तेव्हा मायचा हात छातीशी गेला, पण तिनं बंद कर म्हटलं नाही. पहिल्यांदा जमलं नाही, आवाज कमी होता. दुसऱ्यांदा जमलं. मी त्या दिवसाची तारीख टाकली. पडद्यावर आलं, पहिली पाळी, घरी चार वाजता. मी वाचून दाखवलं. अक्षरं इंग्रजी असल्यानं तिला ती वाचता येईनात, तरी ती बोट फिरवून पाहत राहिली.

"हे तू काल सांगतलं त्याले?"

"हाव."

"मधात लाईट गेली व्हती."

"हाव. तरी त्याला आहे ध्यानात."

मायनं पडद्यावरचं बोट काढलं. मग म्हणाली, "मी हेच तं इचारत पळाली, बाई. किती वाजता येतीन, हेच. आन् ते वरून बोंबलून बोंबलून मले हेच सांगून राह्यलं व्हतं." आणि ती हसायला लागली. हसता हसता डोळ्यांना पदर लावला, पुन्हा हसली. बाबा बिडी पेटवायची विसरून आमच्याकडे पाहत होते.

पदर सोडून ती म्हणाली, "जूनची तारीख टाक. नागपूरची तुही शाळा ज्या दिवशी सुरू व्हते, ते."

मी घाईनं रबराची बटणं दाबली. दोनदा चुकले. पडद्यावर आलं, दुसरी पाळी.

"दुसरी पाळी हाय म्हनते," बाबा गंभीर चेहरा करून म्हणाले. "आता काय, यंत्रानंच सांगतलं. मले नाई जमत."

"यंत्राले काय समजते?" माय म्हणाली. "तुमी सुट्टी टाका. पोरीले सोडाले दोघंबी जाऊ."

मला रडू फुटलं, आणि मी ते लपवलं नाही. माझ्या प्रोग्रॅममध्ये पाळी होती, रेस्ट होती, पण सुट्टीची सोयच ठेवली नव्हती. बाबा सुट्टी टाकतील हे कधी माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ती सोय मी त्याच संध्याकाळी केली.